कास्ट आयर्न बुलेटचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणं म्हणजे चुकीच्या जागी केलेला खर्च

किकस्टार्टर:
जुनी ३५० बुलेट घरच्या पार्किंगमध्ये खोलायला घेतली की कुणीतरी सल्ला देतंच, "पॉइंट फेकून दे, इलेक्ट्रॉनिक किट टाक." पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट तोडून प्लगला ठिणगी देणारा छोटा यांत्रिक स्विच; किट तेच काम सेन्सरने करतं. हा धागा १२ व्होल्ट, बॅटरी-कॉइल-पॉइंटवाल्या कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी सिलिंडरच्या जुन्या) इंजिनापुरता आहे. माझं मत असं की दहातल्या आठ गाड्यांत दोष पॉइंटच्या सिस्टीममध्ये नसतो, ती कशी लावली आहे त्यात असतो.

गाडी गरम झाल्यावर मिसिंग, थंड झाली की पुन्हा ठणठणीत. इथे पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटमधली ठिणगी शोषून घेणाऱ्या छोट्या भागावर घ्या. तो पॉइंटच्या डबीत, तापलेल्या लोखंडी ब्लॉकच्या मागे शिजत असतो. अंधारात डबीचं झाकण काढून गाडी चालू करा. पॉइंटमध्ये जाड निळी-पांढरी ठिणगी सतत दिसली तर कंडेन्सर गेला. ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा चांगल्या मेकचा कंडेन्सर घ्या आणि डबीत न बसवता टाकीखाली कॉइलजवळ बसवा. त्याच्या पट्टीखालचा रंग खरवडून अर्थ पक्की करा, हे नव्वद टक्के लोक विसरतात.

किक उलटी मारते? टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी लवकर पडतेय. आधी पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी लावा, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा हलतं, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतो. नंतर प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर, चौथा गिअर, मागचं चाक हाताने पुढे फिरवत पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) ०.८ मिमी आधी आणा. चावी चालू करा. पॉइंट मिटलेला असताना अ‍ॅम्प मीटरचा काटा वजाकडे झुकतो. पॉइंट ज्यावर बसतात त्या बेस प्लेटचे दोन स्क्रू सैल करून प्लेट हळूहळू फिरवा. काटा ज्या क्षणी मध्यावर परत येईल तिथे घट्ट करा. टायमिंग लाइट नको, मल्टिमीटरसुद्धा नको.

किटच्या पैशात पॉइंट-कंडेन्सरचे आठ-दहा सेट येतात. बोला.

घाटमाथा:
साफ असहमत. तुम्ही नव्या गाडीचं वर्णन करताय, आपण बोलतोय तीस-चाळीस वर्षं चाललेल्या गाड्यांबद्दल.

डबीतल्या शाफ्टचा बुश (शाफ्टला धरणारं कडं) झिजलेला असतो. कॅमला बोटांनी आडवं हलवून बघा, खटखट जाणवली की संपलं. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावलेली ०.३८ ची फट चालत्या गाडीत कधी ०.३०, कधी ०.४५. शाफ्टच डुलत असेल तर प्लेट कितीही नेमकी लावा, काय उपयोग? दुसरं, ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा ढिल्या आणि वजनांच्या पिना झिजलेल्या. तुमचा ०.८ मिमी हा आकडा कॅम पूर्ण मागे, म्हणजे रिटार्डला असतानाचा आहे. ढिल्या स्प्रिंगने कॅम अर्धवट पुढेच अडकला असेल तर तुम्ही काटा बघून व्यवस्थित चुकीचं टायमिंग लावता.

तिसरं म्हणजे पॉइंटची फायबर टाच. ती कॅमवर घासते, झिजते, फट कमी होत जाते आणि टायमिंग मागे पडतं. दोन-तीन हजार किलोमीटरला परत फीलर गेज हातात. चांगल्या किटमध्ये घासणारा भागच नाही. चुंबक आणि तो जवळ आल्याचं ओळखणारा हॉल सेन्सर, अ‍ॅडव्हान्स आतल्या सर्किटमधून. बुशच्या खेळाचा परिणामही पॉइंटच्या मानाने फारच कमी. आणि कोकणातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला डबीतल्या ओलाव्याबद्दल वेगळं सांगायला नको.

फीलरगेज:
घाटमाथा, बुश आणि स्प्रिंगांचा मुद्दा बरोबर. पण "किट लावलं की टायमिंग दगडासारखं स्थिर" हे जे विकणारे सांगतात, ते कास्ट आयर्न बुलेटला लागू पडत नाही. पॉइंटची डबी क्रँकवर नाही. टायमिंग पिनियन, कॅमचे गिअर, आयडलर, अशा साखळीतून फिरून ती क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. प्रत्येक गिअरचा थोडा थोडा बॅकलॅश (दात्यांमधला मोकळा खेळ) शेवटी डबीत जमा होतो. सेन्सर त्याच डबीत बसवलात तर तो बॅकलॅश तसाच राहतो. डबीतला एक अंश म्हणजे क्रँकवर दोन. क्रँकवर अल्टरनेटरच्या बाजूला पिकअप घेणारी व्यवस्था असेल तरच हा वाद किटच्या बाजूने सुटतो, आणि त्यासाठी प्रायमरी (इंजिनाच्या बाजूची चेनची पेटी) उघडून बरंच काम आहे.

किकस्टार्टर, तुमच्या पद्धतीतही एक भोक आहे. ०.८ मिमी मोजायचे कशाने? बुलेटचा प्लग तिरका बसतो, त्यातून घातलेला स्पोक पिस्टनवर तिरका टेकतो आणि घसरतो. ९० मिमी स्ट्रोकला ०.८ मिमी म्हणजे क्रँकचे साधारण ९.५ ते १० अंश. टीडीसीजवळ पिस्टन जेमतेम हलतो, म्हणून नुसता अर्धा मिमी चुकला तरी काय होतं बघा: ०.३ वर जेमतेम ६ अंश, १.३ वर १२ च्या पुढे. सहा अंशांवर गाडी तापते आणि ओढत नाही, बारावर घोट्याला प्रसाद.

डिग्री डिस्क (अंशांच्या खुणा असलेली चकती) लावा. प्रायमरीचं बाहेरचं कव्हर काढा (खाली ट्रे ठेवा, तेल येणारच), डिस्क क्रँकच्या नटवर बसवा, प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉपर. चाक पुढे फिरवून पिस्टन टेकला तो आकडा, मागे फिरवून टेकला तो आकडा, दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी. स्टॉपर काढा. शेवटी १० अंशांवर येताना मात्र फक्त पुढच्या दिशेने या. पुढे गेलात तर चाक थोडं मागे घ्या आणि पुन्हा पुढे या, नाहीतर बॅकलॅश आकड्यात घुसतो.

स्प्रिंगांची परीक्षा सोपी आहे: कॅम फिरण्याच्या दिशेने बोटांनी ताणून सोडा. तो टचकन पूर्ण मागे आला पाहिजे. रेंगाळला की आधी पिना साफ करून एक थेंब तेल, तरीही रेंगाळला तर नव्या स्प्रिंगा.

किकस्टार्टर:
डिस्कचं मान्य, जास्त अचूक आहे. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. बुश, स्प्रिंगा, पिना ही यांत्रिक दुरुस्ती झाली की पॉइंट चालतात. ती न करता किट लावणारे गाडी दुरुस्त करत नाहीत, लक्षण झाकतात.

आणि किट मरतं कसं हेही सांगा ना. रेग्युलेटर गेला, बॅटरीवर १६-१७ व्होल्ट आले, पॉइंटला फरक पडत नाही, किट मात्र जागेवर ठार. बॅटरी उतरली तर जुन्या धाटणीची काही किट्स कमी व्होल्टेजला अवेळी ठिणगी टाकतात आणि किक उलटी येते. पॉइंट आठ-नऊ व्होल्टवरही मिणमिणती का होईना ठिणगी देतात, धक्का मारून गाडी घरी येते. वरंध घाटात किट गेलं तर कुठल्या टपरीवर मिळणार? पॉइंटला काडेपेटीची कड घासूनसुद्धा गाडी पुढे जाते.

घाटमाथा:
काडेपेटीने घासलेले पॉइंट किती किलोमीटर टिकतात तेही सांगा.

किट मरण्यामागे बहुतेक वेळा बसवणाऱ्याचा हात असतो. बसवण्याआधी इंजिन वेगात असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येतायत का ते मोजायचं. जास्त असतील तर आधी रेग्युलेटर. अर्थ चेसिसला न देता थेट बॅटरीच्या वजा टोकाला. प्लगला ५ किलोओमची रेझिस्टर कॅप, कारण साध्या कॅपने होणारा विद्युत गोंधळ डिजिटल सर्किटला सहन होत नाही. आणि कॉइल किटवाल्याने सांगितलीय तीच. सीडीआयची (दुसऱ्या प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) कॉइल घरात पडली होती म्हणून कुठेही जोडणारे महाभाग आहेत. तिचा प्रायमरी रेझिस्टन्स ओमच्या आतबाहेर, तर पॉइंटच्या १२ व्होल्ट कॉइलचा ३ ते ४ ओम. पॉइंटला सीडीआयची कॉइल जोडली तर पॉइंट जळणार, मग शिव्या पॉइंटला.

शिवाय तुमचं पॉइंटचं इंजिन बंद असताना चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेल्या जागी थांबला असेल, तर कॉइल पंधरा मिनिटांत हात लावू देत नाही. बरीच किट्स इंजिन थांबलं की कॉइलचा करंट स्वतः तोडतात.

नानापेठ_चक्कर:
मधला रस्ता कुणीच का सांगत नाही? पॉइंट तसेच ठेवून ट्रान्झिस्टर असिस्ट. कॉइलचे ३-४ अ‍ॅम्पिअर ट्रान्झिस्टर तोडतो, पॉइंट फक्त इशारा देतो. पॉइंट जळत नाहीत, कंडेन्सर लागतच नाही, फक्त टाच झिजते. बॉक्स बॅटरीच्या बाजूला, इंजिनाच्या तापापासून लांब. जुना कंडेन्सर वायर न जोडता तिथेच स्क्रूने ठेवायचा. बॉक्स गेला तर दोन वायरी बदलून गाडी जुन्या पद्धतीवर.

फीलरगेज:
चांगला उपाय, फक्त पॉइंटमधून किमान २०० मिलिअ‍ॅम्पिअर तरी जाऊ देणारं सर्किट घ्या. अगदीच थोडा करंट गेला तर पॉइंटवरचा तेलाचा आणि गंजाचा पातळ थर जळून जात नाही, गाडी महिनाभर उभी राहिली की ठिणगीच येत नाही. टायमिंग केसमधून डबीत तेल झिरपत असेल तर त्याचा सील आधी बदला. बुश आणि स्प्रिंगांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही, हे घाटमाथांच्या बाजूने.

लाल_डबा:
आरटीओचं काय? फिटनेसला अडवतील का?

घाटमाथा:
आरसीवर इग्निशनची नोंदच नसते, बाहेरून कुणाला दिसतही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मूळ तपशिलाशी विसंगत बदलांबद्दल आहे, धोका सायलेन्सर, कापलेली चेसिस, दुसरं इंजिन यांना. फटाके फोडणारा सायलेन्सर लावून पॉइंटच्या कायदेशीरपणाची चिंता करू नका.

नानापेठ_चक्कर:
अवांतर: आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. जुन्या पेट्रोल नळ्या आणि निडलचं रबर फुगतं, फ्लोट बाऊलमध्ये पांढरट साका बसतो, मिश्रण पातळ पडतं. गरम झाल्यावर मिसिंग आलं की पॉइंटवर तुटून पडण्याआधी कार्ब खोला आणि प्लगचा रंग बघा. पांढरा पडला असेल तर मेन जेट एक नंबर मोठा.

लाल_डबा:
शेवटचं. अ‍ॅम्प मीटरचा काटा बघून किकची जागा शोधायची सवय आहे. किट लावलं तर काटा हलेल का?

फीलरगेज:
जे किट थांबलेल्या इंजिनाला करंट तोडतं, त्यावर नाही. मग हाताच्या अंदाजाने: किक सावकाश दाबत कॉम्प्रेशनचा कडकपणा लागेपर्यंत न्या, डीकॉम्प (कॉम्प्रेशन सोडून देणारा) लिव्हर ओढा, किक बोटभर आणखी खाली, लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या, मग पूर्ण वजनाने शेवटपर्यंत एकच किक. अर्धी मारली तर उलटी येणारच, पॉइंट असो वा किट.