२ एप्रिलची निळी माळ

(ग्रुपचं नाव: सोसायटी – फक्त कामाचे मेसेज)

सावंत, सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिन आहे. ए, बी, सी तिन्ही विंगना पुढच्या बाजूने निळ्या माळा सोडायचं कमिटीत ठरलंय. दिवाळीच्या माळा आहेतच, त्यातले निळे वेगळे काढायचे. गेटवरच्या बॅनरचा फोटो टाकतोय. सूचना आज रात्री ९ पर्यंत.

(फोटो: कोड्याचा निळा तुकडा, त्यात पाठमोरा बसलेला लहान मुलगा. खाली अक्षरं: ‘हरवलेलं बालपण शोधू या. स्वमग्नताग्रस्त मुलांसाठी एक दिवा.’)

शिर्के वहिनी, बी-४०१: खूप छान उपक्रम. ही मुलं म्हणजे देवाघरची फुलं 🙏

पेठे काका, बी-२०४: फॉरवर्डेड – आधी १५० मुलांत १, आता ३१ मुलांत १!! लसी आणि मोबाइलचा परिणाम. जागे व्हा.

डॉक्टर, बी-६०१: काका, आकडे अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आहेत. पहिला २००० सालचा, दुसरा २०२२ चा. मधल्या काळात निदानाची व्याख्या रुंदावली, शोधणारे डोळे वाढले. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा पेपर तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. फॉरवर्ड डिलीट करा, प्लीज. ग्रुपवर दोन-तीन घरांत तान्ही बाळं आहेत.

पेठे काका, बी-२०४: मला आलं ते मी पुढे पाठवलं. डिलीट करतो.

नीलिमा, सी-७०२: सावंतदादा, तुम्ही आठवण ठेवलीत त्याबद्दल मनापासून आभार. हे वरवरचं नाही बोलत, आधीच्या सोसायटीत आम्हाला काय काय ऐकावं लागलं ते माझं मला माहीत. पण हा बॅनर नका लावू.

माझा चिनू हरवलेला नाही. रोज संध्याकाळी ४ ते ४:२० तो लिफ्टमध्ये असतो, हे अख्ख्या सी विंगला माहीत आहे, त्याबद्दल एकदा तक्रारही झालीय. दार उघडायच्या आधी तो लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात मजला सांगतो. ‘थर्ड फ्लोअर’ म्हणताना बी विंगची लिफ्ट किंचित अडखळते, सी विंगची अडखळत नाही. मला इथे राहून ६ वर्षं झाली, हे चिनूने दाखवेपर्यंत मी कधी ऐकलं नव्हतं. त्याने सांगितलं नाही, तो फार बोलत नाही. हात धरून बी विंगला नेलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

बॅनरवरचा तो कोड्याचा तुकडा १९६३ चा आहे. इंग्लंडमधल्या पालकांच्या संस्थेने घेतलेलं ते चिन्ह, आणि पहिल्या चित्रात मध्यभागी रडणारं मूल होतं. ६० वर्षं उलटली, मूल रडायचं थांबलं, एवढाच फरक. पाठमोरं मात्र बसवलंयच. आणि ‘ग्रस्त’ काढा हो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त आणि माझा मुलगा? असे शब्द टाळा म्हणून सुप्रीम कोर्टानेही जुलै २०२४ मध्ये सांगितलंय.

सावंत, सेक्रेटरी: ताई, डिझाइन प्रिंटरने नेटवरून घेतलं. आमचा तसा काही हेतू नव्हता.

नीलिमा, सी-७०२: हेतूबद्दल शंकाच नाही दादा. न्यू यॉर्कच्या एका विद्यापीठाच्या बालमानस केंद्राने डिसेंबर २००७ मध्ये शहरभर होर्डिंग लावली होती. अपहरण करणारे खंडणीची चिठ्ठी पाठवतात तशी. ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे’, आणि खाली सही कोणाची, तर ऑटिझमची. त्यांचाही हेतू चांगलाच होता. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या लोकांनी आणि पालकांनी विरोध केला, महिन्याच्या आत मोहीम गुंडाळली.

पेठे काका, बी-२०४: म्हणजे हा दिवससुद्धा अमेरिकेचंच खूळ का?

डॉक्टर, बी-६०१: दिवस संयुक्त राष्ट्रांचा, तोही कतारच्या ठरावावरून, डिसेंबर २००७ मध्ये ठरलेला. निळ्या दिव्यांची टूम तेवढी अमेरिकन संस्थेची, २०१० पासूनची.

राणे, ए-८०१: मी सहसा इथे लिहीत नाही. नीलिमा, तुझं बॅनरबद्दलचं म्हणणं पटलं. पण दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नकोस.

भीती दाखवणाऱ्या जाहिराती गेल्या, बरं झालं. त्यांच्या जागी काय आलं? पियानो वाजवणारा मुलगा, तोंडी गुणाकार करणारी मुलगी, चित्रांचं प्रदर्शन. ‘वेगळा आहे, कमी नाही.’ अहो, आमचा काही बाबतींत कमी आहे. २६ वर्षांचा आहे, आंघोळ मी घालतो. गेल्या मार्चमध्ये माझ्या मनगटाला चावला, ४ टाके पडले. त्याला मला दुखवायचं नव्हतं, दाढ दुखत होती आणि सांगता येत नव्हतं. ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. हे कुठल्या बॅनरवर येतं? हे सगळं निभवायला माणूस लागतो, पैसा लागतो. अशा मुलांसाठीच्या सरकारी ‘निरामय’ आरोग्य विम्याचं संरक्षण वर्षाला १ लाखापर्यंत. तो १८ चा झाला तेव्हा स्वतःच्याच मुलाचा कायदेशीर पालक व्हायला १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरच्या समितीपुढे अर्ज केला. मी ६१ चा आहे. हिशोब करा.

आणि पोस्टरवर नेहमी ७-८ वर्षांचं गोंडस मूल. दाढी आलेला बाप्या कोणी बघितलाय का पोस्टरवर? तो लहान होता तेव्हा लोक गाल ओढायचे. आता लिफ्ट उघडली की मागे सरकतात.

शिर्के वहिनी, बी-४०१: भाऊजी 🙏 आम्हाला कल्पनाच नव्हती.

नीलिमा, सी-७०२: राणेकाका, राग कसला. खरं सांगू का, चिनू ११ चा आहे आणि तुम्ही लिहिलंत ते वाचायचं मी टाळते. दुसरीकडे कोणी लिहिलं असतं तर स्क्रोल करून पुढे गेले असते. पाठमोरं मूल मला नको, तसं दाढीवालाही नको होता, हे आत्ता लक्षात आलं.

मृणाल, सी-३०५: मी भाडेकरू आहे, त्यामुळे बोलावं की नाही कळत नाहीये. मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान २९ व्या वर्षी झालं.

एक शब्दाबद्दल. ‘स्वमग्न’ हा मूळ शब्दाचा बरोबर अनुवाद आहे, ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. मराठीत मात्र त्याचा अर्थ कवीसारखा आपल्याच तंद्रीत असलेला, असा लागतो. मी स्वतःत मग्न असते तर झोप तरी लागली असती. मला बाहेरचंच जास्त येतं. दिवाळीत बी विंगच्या माळा पळत्या मोडवर होत्या. पडद्यातून भिंतीवर दिसायच्या. १२ रात्री मी बाथरूममध्ये गादी घालून झोपले. आता आमच्यासाठी म्हणून त्याच माळा निळ्या करून लावणार, म्हणून लिहिते आहे.

सावंत, सेक्रेटरी: अरेरे. तेव्हा सांगायचं ना.

मृणाल, सी-३०५: काय सांगणार होते? दिवाळीत दिवे नकोत म्हणून?

पेठे काका, बी-२०४: पण बाळ, तुझ्याकडे बघून अजिबात वाटत नाही हो.

मृणाल, सी-३०५: काका, कौतुकाने म्हणताय ते कळलं. ते न वाटू देण्यात माझा दिवस जातो.

राणे, ए-८०१: मृणाल, एक विचारतो. तू नोकरी करतेस, एकटी राहतेस. तुझ्या आणि आमच्या मुलाच्या सर्टिफिकेटवर एकच शब्द. मला हे आजवर उमगलेलं नाही.

मृणाल, सी-३०५: मलाही दरवेळी उमगत नाही. तुमच्या वतीने किंवा त्याच्या वतीने मी बोलू शकत नाही. पण जानेवारीत फायर ड्रिल झालं, भोंगा वाजला, तेव्हा गेटपाशी दोघंच कान दाबून खाली बसलो होतो. एक मी, एक तो.

राणे, ए-८०१: ती तू होतीस होय.

शिर्के वहिनी, बी-४०१: मग आता करायचं काय? काहीच करायचं नाही, हेही बरं वाटत नाही.

नीलिमा, सी-७०२: वहिनी, भोंगा, जनरेटर, ड्रिलिंग, ढोल-ताशा, जे काही असेल ते आदल्या दिवशी इथे वेळेसकट टाका. मला कळलं की चिनूला कागदावर काढून दाखवता येतं. तो अर्धा तास मग आम्ही खाडीकडे जातो.

सावंत, सेक्रेटरी: ठीक. माळा रद्द. बॅनरचे मात्र १४०० दिलेत.

डॉक्टर, बी-६०१: मागची बाजू कोरी असेल ना? वार्षिक सभेला वापरा.

अशोक, ए-२०२: टँकर आला का?

सावंत, सेक्रेटरी: सूचना: उद्या सकाळी ११ ते ११:१५ जनरेटर टेस्टिंग आहे.

राणे, ए-८०१: १०:३० ला जमेल का? ११ ला त्याची आंघोळ असते.

सावंत, सेक्रेटरी: इलेक्ट्रिशियनला विचारून सांगतो.

अशोक, ए-२०२: अहो, टँकरचं कोणी बघेल का?