शेतीला दिवसाची थ्रीफेज लाईट येणार म्हणतात, पण आमची डीपी (शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर) टिकेल का?

पठारावरचा:

मी पुण्यात नोकरीला. शेती संगमनेरच्या पठार भागात, वडील एकटे बघतात. साडेतीन एकर, त्यात दीड एकर उन्हाळ कांदा, बाकी गहू आणि जनावरांपुरता घास. विहिरीवर पाच एचपीची मोटर.

मोटरीची लाईट एक आठवडा दिवसा 8 तास, दुसरा आठवडा रात्री 10 तास, हे इथल्या लोकांना सांगायला नको. रात्रपाळी लागली की वडील शेतात आणि आई ओट्यावर जागी. या जानेवारीत वडील पहाटे दोनला पाण्याची दारं धरायला गेले, तर बॅटरीच्या उजेडात बांधावर दोन डोळे चमकले. बिबट्या होता की रानमांजर, ते सांगत नाहीत. तेव्हापासून खिशातल्या मोबाईलवर कीर्तन मोठ्याने लावून जातात एवढं खरं.

आता गावाजवळच्या सबस्टेशनला सोलर प्रकल्प जोडताहेत. गायरानावर पॅनेल उभे राहिलेत. सगळ्यांना दिवसाच लाईट मिळणार असं गावात बोलतात. चुलतभाऊ म्हणतो, त्या भरवशावर राहू नका, योजनेतून स्वतःचा सौर पंप घ्या. वडील म्हणतात, आहे ते कनेक्शन सोडायचं नाही. ढग आले की या सोलर फीडरची (सबस्टेशनमधून शेतीला येणाऱ्या लाईनची) लाईट जाणार का? आणि आमची डीपी 63 केव्हीएची आहे, गेल्या मार्चमध्ये कांदा पोसायच्या वेळीच जळाली होती. नेमकं काय करावं?

गव्हाणीवाला:

चुलतभावाला सांगा, तुम्ही त्या योजनेत बसतच नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही ज्यांच्याकडे विजेची जोडणी नाही त्यांच्यासाठी आहे. मला मिळाला, कारण माझ्या वरच्या तुकड्यापासून खांब लांब होता आणि मध्ये दोघांची भांडणातली जमीन. दहा टक्के हिस्सा भरला, पाच एचपी मिळाला (अडीच ते पाच एकरवाल्याला तेवढाच मिळतो).

दोन वर्षांचा अनुभव सांगतो. सकाळी नऊ-साडेनऊला धार धरते, चारनंतर पाणी नुसतं पाझरल्यासारखं येतं. आभाळ आलं की तुमच्या ढगाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पाईपाच्या तोंडाशी दिसतं. आठ-दहा दिवसांनी पॅनेल पुसावे लागतात, नाहीतर धूळ बसून फरक पडतो. पण रात्री झोपतो. बाकी तुमच्या फीडरचं जाणकार सांगतील.

जुना ऑपरेटर:

33/11 केव्ही सबस्टेशनवर एकतीस वर्षं शिफ्ट केली. वीज मंडळ होतं तेव्हा लागलो, 2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, रिटायर कंपनीतून झालो. खुर्ची मात्र शेवटपर्यंत तीच, एक हात मोडलेली.

आधी ढगाचं. गव्हाणीवाल्यांचा पंप एकट्या उन्हावर चालतो. तुमचा तसा नसेल. प्रकल्पाची वीज सबस्टेशनच्या बसवर (सगळे फीडर जिथून निघतात त्या जाड पट्टीवर) येते आणि त्या सबस्टेशनला वरून 33 केव्हीची लाईन असतेच. ऊन असलं की मोटरा जवळच्या विजेवर फिरतात, ढग आला की जेवढी तूट तेवढी वरून भरून निघते. मोटरीला पत्ताही लागत नाही. उलट ऊन कडक आणि मोटरा बंद असल्या तर वीज खालून वर जाते. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

मात्र 33 ची लाईनच ट्रिप झाली तर भर उन्हात सोलरही बंद पडणार. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढायचा आणि दुसऱ्या बाजूने सोलरची वीज यायची, असं होऊ नये म्हणून. तेव्हा ‘एवढं ऊन पडलंय, मग लाईट कशी गेली’ म्हणत ऑपरेटरला फोन करू नका. त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

आता ही पाळी मुळात का होती ते बघा. सगळ्या पंपांना एकदम द्यायला वीज नव्हती हे एक. दुसरं, सबस्टेशनमधला पॉवर ट्रान्सफॉर्मर. पाच एमव्हीएचा एकच असला तर त्याला सगळे शेतीचे फीडर एकदम पेलवायचे नाहीत. म्हणून निम्मे दिवसा, निम्मे रात्री. त्याआधी तर याहून गंमत होती. गावठाणाचे फीडर वेगळे झाले नव्हते तेव्हा भारनियमनात आम्ही रात्री सिंगल फेज द्यायचो. घरात दिवा लागावा, मोटर चालू नये हा हेतू. लोक कंडेन्सर लावून त्याच्यावर मोटर फिरवायचे. तासाच्या लॉगशीटला अँपिअर चढलेले दिसायचे, म्हणजे आम्हाला कळायचं. डोळेझाक करायची, कारण गहू आमच्याही घरी होता.

मुद्दा असा की सगळे दिवसावर आले म्हणजे दोन पाळ्यांचा भार एका पाळीत येतो. म्हणून प्रकल्प जोडताना सबस्टेशनचीही ताकद वाढवायला लागते. तुमच्याकडे पॉवर ट्रान्सफॉर्मर बदलला का, दुसरा बसवला का, हे जाऊन बघा. कुंपणाबाहेरून दिसतं. गावातले लोक पॅनेलचे फोटो काढतात, तिकडे कुणी बघत नाही.

तुमच्याकडे येतेय ती योजना, सौर कृषी वाहिनी 2.0, तिचा पहिला प्रकल्प 2024 च्या सप्टेंबरमध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला, 3 मेगावॅटचा. पाच एचपीची मोटर साधारण साडेचार किलोवॅट ओढते, म्हणजे भर दुपारी त्या प्रकल्पावर एकावेळी साडेसहाशे मोटरा चालणार. लाभ मिळणारे शेतकरी मात्र सतराशेच्या वर. बाकीच्यांना एक तर वरून वीज येणार, नाहीतर लोक मागेपुढे मोटरा लावणार. यात फसवणूक काही नाही, फक्त ‘गाव सोलरवर गेलं’ याचा अर्थ काय ते समजून घ्या.

वीज कंपनी हे का करते, तेही सांगतो. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल 2024 पासून शासन भरतं. सोलरची वीज युनिटला 3 रुपयांच्या आसपास पडते, आणि जवळच तयार झाल्यामुळे वाटेतली गळती कमी. हिशेब पैशाचा आहे. तुमच्या आईची झोप त्यात आपोआप आली.

आता डीपी. इथे सोलरचा काही उपयोग नाही. सबस्टेशनपासून डीपीपर्यंतची तार आणि डीपीपासून विहिरीपर्यंतची केबल, दोन्ही जुन्याच राहणार आहेत. 63 केव्हीएवर पाच एचपीच्या बारा मोटरा धरा, फार तर तेरा. रात्री निम्मे लोक झोपतात म्हणून डीपी वाचते. दिवसा सगळे जागे. त्यात ऑटोस्विच असले तर संपलंच. लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटरा एका क्षणात उचलतात, आणि उचलताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खाते. डीपी जळते ती बहुतेक वेळा अशीच, लाईट आल्याआल्या. तुमची गेल्या मार्चची कितीला जळाली होती?

पठारावरचा:

सकाळी साडेआठला. लाईट यायची वेळच ती. वडील म्हणाले होते, ‘आली आणि गेली’.

मेंढरं राखणारा:

माझा प्रश्न वेगळा आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. ते गायरान गेलं म्हणजे आमची जनावरं कुठे चरणार? आमच्याकडे ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं, असं ठरलं आहे. त्यातून शाळेची भिंत झाली, चांगलं आहे. पण शेळीला भिंत खाता येत नाही.

जुना ऑपरेटर:

मेंढरंवाले, तुमचं खरं आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. खाजगी जमीन भाड्याने द्यायचीही सोय आहे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरसाल तीन टक्के वाढ. पण गायरान सोपं पडतं. ग्रामसभेत बसा, ठराव वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

पठारावरचे, कनेक्शन सोडू नका, वडील बरोबर आहेत. डीपीवरच्या मोटरा मोजा. बारा-तेराच्या वर असतील तर सगळ्यांच्या सह्यांनी जादा डीपीचा अर्ज द्या. एकट्याचा अर्ज फायलीत झोपतो. पाच एचपीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा, करंट कमी होतो, व्होल्टेज जरा सावरतं. आणि ऑटोस्विच काढायला लावा. दिवसाची लाईट आल्यावर त्याची गरजच उरत नाही. माणूस चालत जाऊन बटण दाबू शकतो, कीर्तन न लावता.

पठारावरचा:

वडिलांना फोन करून मोजायला लावलं. संध्याकाळी उलटा फोन आला. डीपीवर 19 मोटरा, त्यातल्या 14 ना ऑटोस्विच. ‘त्या चौदात आपला आहे का’ असं विचारलं. म्हणाले, आपला सगळ्यात आधी बसला होता.