जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेताना आधी पाण्याचा पंप पाहावा

या चर्चेत धुळ्याच्या एका सदस्याने विचारले आहे की २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस (स्कोडाच्या ऑक्टाव्हिया मोटारीची जास्त ताकदीची आवृत्ती) घेतल्यास पुढे कोणता खर्च निघेल. डीएसजी म्हणजे तिच्या स्वयंचलित गिअरपेटीबद्दल आधीच पुरेशी चर्चा झाली आहे; फक्त दर ६०,००० किलोमीटरला तिचे तेल व फिल्टर बदलल्याचे बिल मागून घ्यावे. खरी मेख पाण्याच्या पंपात, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव (कूलंट) फिरवणाऱ्या पंपात आहे. पंप आणि थर्मोस्टॅट (कूलंटचे तापमान राखणारी झडप) यांचे आवरण प्लास्टिकचे असल्याने गळू शकते आणि ते इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) दडलेले असते, म्हणून मजुरीही वाढते. गळालेले कूलंट गरम इंजिनवर वाळत असल्याने फरशीवर डाग पडेलच असे नाही. मात्र सांध्यांभोवती गुलाबीसर खपली दिसते. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हे दुखणे अंगावर काढणे म्हणजे इंजिनच पणाला लावणे होय. विक्रेत्याने कूलंटची टाकी नुकतीच काठोकाठ भरलेली दिसली, तर गळती लपवल्याची शंका घेऊन पंपाचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.