श्रद्धांजलीची एवढी घाई कशाला?

सांजवात: २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी पसरली. मोठमोठ्या कलावंतांनीही श्रद्धांजली वाहिली. ते तेव्हा पुण्यात रुग्णालयात होते, जिवंत. ‘ते अजून आहेत’ हे सांगायची वेळ त्यांच्या पत्नीवर आली. ते गेले २६ ला. तीन वर्षांनी धर्मेंद्र यांच्या बाबतीत तेच. ११ नोव्हेंबर २०२५ ला हेमा मालिनींनी खुलासा केला. ते गेले २४ ला. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या फोनवर असा संदेश येऊन पडला तर त्याचं काय होत असेल? घरच्यांनी सांगेपर्यंत कुणी एक शब्द लिहू नये.

कृष्णाकाठ: चूक बातमी देणाऱ्यांची, बोल मात्र लोकांना? जून २०२३ मध्ये सुलोचनादीदी गेल्या, तेव्हा माझ्या आईने भिशीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला. खाली दिवसभर बायका आठवणी लिहीत होत्या. कुणी कुठल्या टुरिंग टॉकीजमध्ये कुठला सिनेमा पाहिला, कोण किती रडली. आईला शोकसभेला कोण बोलावणार? दारावर जाऊन यावं, तसंच तिचं ते.

सांजवात: आईंबद्दल तक्रारच नाही. त्यांनी दीदी गेल्यावर लिहिलं, आधी नाही.

तिसरी घंटा: उशिरा लिहा, पण नीट लिहा. ‘पोकळी निर्माण झाली’ एवढ्याने कोण आठवतं? गोखल्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभ्या राहिल्या, बायकांनी पडद्यावर येणं पाप समजलं जात होतं तेव्हा. वडील चंद्रकांत गोखले. स्वतः विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घशाच्या दुखण्यामुळे २०१६ मध्ये त्यांना रंगभूमी सोडावी लागली. ‘बॅरिस्टर’मधला तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना विचारा, हे सोडणं म्हणजे काय. मला आलेल्या पन्नासेक संदेशांत यातलं काही नव्हतं.

कृष्णाकाठ: म्हणजे अभ्यास केल्याशिवाय हळहळायचं नाही? मला ते ‘अग्निहोत्र’ मालिकेमुळे आवडले. माझं दुःख तुमच्यापेक्षा हलकं नाही.

तिसरी घंटा: मग तेच लिहा ना, ‘अग्निहोत्र’मुळे आवडले म्हणून! तेवढंच मागतोय.

पाणवठा: घाईपेक्षा वाईट गोष्ट मी पाहिली. जुलै २०२३ मध्ये रवींद्र महाजनी तळेगावजवळच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. एकटेच राहायचे. लोकांनी ‘झुंज’, ‘देवता’ची आठवण काढायची सोडून मुलाची उलटतपासणी सुरू केली. बाप गेलेल्या मुलाला! त्या घरात काय घडलं होतं हे आपल्याला ठाऊक होतं का?

कृष्णाकाठ: इथे मात्र तुमच्याशी सहमत. आमच्या ग्रुपवरही तसं लिहिणारे होते आणि मी गप्प बसलो. बोलायला हवं होतं.