शब्दचर्चा: गलबत, गुराब आणि खांदेरीची लढाई

प्रश्न: १६७९ मधल्या मराठे-इंग्रजांच्या खांदेरीच्या लढाईबद्दल वाचताना एकाच परिच्छेदात गलबत, गुराब, शिबाड आणि मचवा असे चार शब्द भेटले. हे समानार्थी आहेत का? सगळीकडे ‘जहाज’ असं लिहिलं तर काही बिघडतं का?

उत्तर: खूप बिघडतं. अख्खी लढाई उलटी वाचली जाते.

आज गलबत म्हटलं की भरल्या शिडांचं मोठं जहाज डोळ्यांपुढे येतं. शिवकाळातलं गलबत तसं नव्हतं. ते लहान, हलकं आणि उथळ बुडाचं असे. डोलकाठ्या दोन, पण खरी मदार वल्ह्यांवर. चांगल्या गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. तोफा हलक्या, जंबुऱ्यासारख्या (जंबुरा म्हणजे लहान तोफ). वारा पडला किंवा समोरून आला तरी गलबत अडून राहत नसे.

गुराब मोठी. हा शब्द अरबी, मूळ अर्थ डोमकावळा. दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ (नौकेचं पुढचं टोक) आणि त्या नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. मराठीत ती स्त्रीलिंगी: ती गुराब, त्या गुराबा. इंग्रजांनी याच शब्दाचं ‘ग्रॅब’ केलं. हिसकावून घेणं या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचं काही नातं नाही. तरीही ‘जहाजं हिसकावणारी म्हणून ग्रॅब’ ही व्युत्पत्ती अजून सांगितली जाते. ती कृपया पुढे पाठवू नका.

शिबाड म्हणजे मुळात मालवाहू. मचवा त्याहून लहान, आणि तो शब्द कोळीवाड्यांत आजही रोजच्या वापरात आहे.

आता हे अर्थ हाताशी धरून लढाई पाहा. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या हुकमाने त्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारी यांनी अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं. बेट मुंबईच्या तोंडाशी, त्यामुळे तिथलं इंग्रजांचं ईस्ट इंडिया कंपनी सरकार हादरलं आणि त्यांनी नाकेबंदीसाठी ताफा पाठवला. त्यात रिव्हेंज ही एक मोठी युद्धनौका, दोन गुराबा, तीन शिबाडं आणि दोन मचवे. म्हणजे आठांपैकी सात याच किनाऱ्यावरच्या घाटणीचे! ‘इंग्रजांची जहाजं विरुद्ध मराठ्यांची गलबतं’ असं सरसकट लिहिलं की हे दिसेनासं होतं.

१८ ऑक्टोबरला सकाळी मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान याचं आरमार चौलच्या बाजूने किनाऱ्यालगत आलं. चाळिसाहून अधिक तरांडी (म्हणजे नौका), बहुतेक गलबतंच. ती इतक्या वेगाने चालून आली की इंग्रजांना नांगर उचलून शिडं सोडायलाही नीट वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासात डव्ह नावाच्या गुराबेने बावटा उतरवला आणि ती मराठ्यांच्या हाती पडली. बाकीची इंग्रज तरांडी लांबच राहिली. रिव्हेंज एकटी वेढली गेली.

प्रश्न: मग जिंकलं कोण?

उत्तर: त्या दिवशी रिव्हेंज निभावली. कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन हे इंग्रज अधिकारी तिच्यावर होते. जवळ आलेल्या गलबतांवर त्यांनी तोफा डागल्या, पाच गलबतं बुडवली आणि उरलेल्यांचा नागोठण्याच्या खाडीपर्यंत पाठलाग केला. मोठ्या तोफांसमोर गलबताचा निभाव लागत नाही, हा त्या शब्दाच्या अर्थाचाच भाग आहे.

पण मोहिमेचा हेतू होता बेटावरची रसद तोडणं, आणि तिथे तेच हलकं बूड भारी पडलं. रात्रीच्या अंधारात गलबतं किनाऱ्यालगत सरकत, वल्ह्यांच्या जोरावर खांदेरीला सामान पोचवून पहाटेआधी परतत. वाऱ्यावर अवलंबून असलेली रिव्हेंज त्यांना गाठू शकत नव्हती. काम थांबलं नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून ताफा मागे घेतला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. गलबत म्हणजे ‘मोठं जहाज’ असा अर्थ घेतला, तर पाच बुडूनही उरलेल्यांनी रसद कशी पोचवली हे उलगडतच नाही.

प्रश्न: रिव्हेंजसाठी जुना मराठी शब्द आहे का? ‘युद्धनौका’ फार आजचा वाटतो.

उत्तर: आहे, फरगात. पोर्तुगीज ‘फ्रगाता’चं मराठी रूप, इंग्रजी फ्रिगेट त्याच कुळातला. जुन्या मराठीत तो मोठ्या जहाजासाठी येतो. माझं मत विचाराल तर ऐतिहासिक लेखनात रिव्हेंजला बिनदिक्कत फरगात म्हणा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या आणि पुढे तोच शब्द चालवा. डव्हला मात्र गुराबच म्हणा.