मदत हवी आहे: जन्मापासून निखळलेला खुबा, वय ४३, रिप्लेसमेंट करताना मांडीचं हाड कापून घ्यावं का?

लिहू का नको करत दोन महिने गेले, आज टाकतेच. मी कोल्हापूरची. डावा खुबा जन्मापासून निखळलेला. मी पायाळू, आणि पायाळू बाळांमधे हे जास्त सापडतं हे मला चाळिशीत कळलं. गावाकडं मात्र त्याच्यावर माझा भाव होता, कुणाच्या कमरेत उसण भरली की बोलवा त्या पोरीला, लावू दे पाय. मी लंगडत जायची आणि लोकांच्या कमरा बऱ्या करून यायची :) लहानपणी दाखवलं होतं, मोठी झाली की सरळ चालेल म्हणून परत पाठवलं. आता भाचीच्या बाळाची दीड महिन्याचं असताना सोनोग्राफी झाली, पट्टे बांधले, आज घरभर पळतंय.

लंगडण्याचं मला काही नाही. चप्पल लाईनमधले एक मामा डाव्या चपलेला चामड्याचे पाच थर चिकटवून कडेनं शिवून देतात, साडेचार सेंटिमीटर. दारात काढल्या की थोरली-धाकटी भावंडं वाटतात. पण दोन वर्षं झाली अंबाबाईच्या रांगेत पंधरा मिनिटं उभं राहिलं की जांघेत कळ, रात्री कुशीवर वळता येत नाही, आणि उजवा गुडघा पण कुरकुरायला लागलाय कारण सगळा भार त्याच्यावरच.

रिपोर्टवर क्रो टाईप फोर लिहिलंय, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नाहीच, वर कमरेच्या हाडाला टेकलाय. इथले डॉक्टर म्हणतात खाली मूळ जागी वाटी बसवू, पाय सारखे करू, हाड कापायचं का ते आत गेल्यावर बघू. मिरजेचे म्हणतात आधीच ठरवा, एकदम चार सेंटिमीटरच्या वर ओढलं तर सायटिक नस ताणून पाऊल लुळं पडू शकतं, म्हणून मांडीच्या हाडाचा तुकडा काढायचा, पाय थोडा आखूड राहिला तर राहू दे. आमचे हे म्हणतात एवढा खर्च करतोय तर सारखाच करून घे. मला तर ते पाऊल लुळं ऐकल्यापासून झोप नाही. कुणी हे हाड कापून करून घेतलंय का? आणि फुले योजनेत बसतं का?

रंकाळ्याचा वारा: ताई घाबरू नका, सासऱ्यांचा खुबा बदलला, दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालले. आता झ्याक हायत.

धागाकर्ती: धन्यवाद दादा, पण त्यांचा झिजलेला असणार, वाटी जागेवर होती. माझ्यात वाटीच उथळ आणि बारकी आहे, म्हणून जन्मापासून ज्यांना आहे त्यांना विचारतेय.

इचलकरंजीवाली: माझा उजवा, तुमच्यासारखाच, सहा वर्षं झाली. हाड कापलं होतं. मला तरी आत गेल्यावर बघू हे उत्तर पटत नाही, कारण आमच्यासारख्यांना वाटी लहान लागते, मांडीच्या हाडातली पोकळ नळीही अरुंद असते, त्या मापाचं सामान आधी मागवायला लागतं. सीटी स्कॅन करून मापं घेतलीत का विचारा, आणि असे वर चढलेले खुबे किती केलेत ते पण सरळ विचारा, लाजू नका. कापलेलं हाड जुळेपर्यंत मला सहा आठवडे पायावर पूर्ण भार द्यायचा नव्हता, तेव्हा सासऱ्यांसारखं दुसऱ्या दिवशी चालायचं मनात धरू नका. घरात कमोड आधी बसवून घ्या, मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं मला बंदच केलंय. योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नको.

आणि यजमानांना सांगा, माझा पाय मोजून एक सेंटिमीटर आखूडच राहिलाय, तरी पहिले तीन-चार महिने तोच लांब वाटायचा. कंबर इतकी वर्षं तिरकी बसलेली, ती सावकाश सरकते. तेव्हा डॉक्टर मोजून सांगत नाहीत तोवर मामांकडं नवी चप्पल टाकू नका.

धागाकर्ती: सीटी नाही झाला अजून, नुसता एक्सरे. सोमवारी जाते विचारायला.