१२० जणांच्या वर्गात ऑनलाइन चर्चा: पहिली तीन उत्तरं चांगली, पुढे सगळे री ओढतात

पाटीपेन्सिल विचारतात:

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग, विद्यार्थी १२०, विषय संशोधनपद्धती. दर आठवड्याला व्हॉट्सॲप गटावर एक प्रश्न दिला जातो, उत्तराला २ गुण. पहिली दोन-तीन उत्तरं विचार करून लिहिलेली असतात. त्यानंतर 'सहमत', 'छान मुद्दा', नाहीतर वरचंच उत्तर शब्द बदलून. मुदतीच्या रात्री एकदम पन्नास संदेश येतात. सगळ्यांसाठी एकच गुगल डॉक उघडून दिला, तर एकाचा मजकूर दुसऱ्याकडून खोडला जातो. मूडल (अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची प्रणाली) उपलब्ध आहे, पण त्यावर फक्त पीडीएफ ठेवल्या जातात.

चर्चा खरोखर व्हावी यासाठी रचना कशी बदलावी? आणि १२० जणांचं लेखन तपासायचं कसं?

---

धागेदोरे:

विद्यार्थी आळशी आहेत असं समजू नका. स्वतः काही लिहिण्याआधीच दुसऱ्याचं चांगलं उत्तर समोर असेल तर नवं काय लिहायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी आपलं उत्तर, मग इतरांचं, हा क्रम साधनानेच पाळायला लावला पाहिजे.

मूडलच्या फोरममध्ये 'प्रश्नोत्तर' हा प्रकार त्यासाठीच आहे. विद्यार्थ्याने स्वतः उत्तर टाकल्याशिवाय त्याला इतरांची उत्तरं दिसत नाहीत. टाकल्यावरही लगेच दिसत नाहीत, संपादनाची मुदत संपावी लागते. ही मुदत सहसा ३० मिनिटांची असते. हे वर्गाला आधीच सांगा, नाहीतर 'फोरम बंद पडलाय' अशा तक्रारी सुरू होतील.

मग गट करा. सहा-सहा जणांचे २० गट, मूडलच्या स्वयंचलित गटनिर्मितीतून, आणि फोरमला 'स्वतंत्र गट' ही पद्धत. इथे हमखास एक चूक होते. प्रश्न 'सर्व सहभागी' निवडून टाकला, तर विद्यार्थ्यांना तो दिसतो पण त्यावर उत्तर देता येत नाही. प्रश्न टाकताना प्रत्येक गटाला प्रत पाठवण्याचा पर्याय निवडा.

मुदती दोन ठेवा. बुधवारपर्यंत स्वतःचं उत्तर, शनिवारपर्यंत गटातल्या दोघांना प्रतिसाद. एकच मुदत असेल तर प्रतिसाद द्यायला समोर काही नसतंच.

पण खरं घोडं पेंड खातं ते प्रश्नातच. 'प्रश्नावलीचे फायदे-तोटे सांगा' यावर सहा वेगळी उत्तरं येऊच शकत नाहीत. त्याऐवजी सहा सदोष प्रश्न द्या, प्रत्येकाला एक. उदाहरणार्थ, 'ग्रंथालयाची वेळ आणि सेवा समाधानकारक आहे का?' एका वाक्यात दोन प्रश्न आहेत, म्हणून 'हो' या उत्तराचा अर्थच लागत नाही. विद्यार्थ्याने दोष सांगायचा आणि प्रश्न नव्याने लिहायचा. प्रतिसाद देणाऱ्याने त्या नव्या प्रश्नाचा चुकीचा अर्थ कसा लावता येईल ते दाखवायचं. 'सहमत' लिहायला जागाच उरत नाही.

तपासणीचं म्हणाल तर, प्रत्येकी तीन नोंदी धरल्या तरी आठवड्याला ३६० होतात. सगळ्या वाचायचा हट्ट नको. दर आठवड्याला पाच गट पूर्ण वाचा, म्हणजे ९० नोंदी. चार आठवड्यांत सगळे गट होतात. उरलेल्या गटांचं १५० शब्दांचं सार त्यांच्यातल्याच एकाने लिहायचं, पाळीपाळीने. गुण नोंदींच्या संख्येवर देऊ नका, लगेच भरताड सुरू होते.

---

तासिका४५:

वरच्या मुद्द्याला जोडून. वर्गातल्या मतदानातही हेच घडतं. मत देणं चालू असतानाच पडद्यावर आलेख दिसत राहिला, तर उरलेले उंच खांबाकडे वळतात.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवलेली पद्धत मोठ्या वर्गात चांगली चालते. बहुपर्यायी प्रश्न, एक-दोन मिनिटं शांतपणे विचार, मत, पण आलेख लपवलेला. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील, तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं चर्चा आणि पुन्हा मत. ३० च्या खाली असतील तर चर्चेत पटवून देणारंच कुणी नसतं, संकल्पना पुन्हा शिकवा. ७० च्या वर असतील तर थोडक्यात स्पष्टीकरण देऊन पुढे जा. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतून घ्या, तुमच्या फोरमवरच ते भरपूर मिळतील.

जास्त वेगाला जास्त गुण देणारे खेळ इथे टाळा. त्यात न वाचता बटण दाबणारा जिंकतो. १२० फोन एकाच वायफायवर आले की निम्मे अडकतात, तेव्हा अ-ब-क-ड लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं हाताशी असू द्या.

---

कुलूपकिल्ली:

व्हॉट्सॲप चर्चेतून काढाच. साध्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, आणि विद्यार्थिनींना त्याचा त्रास होऊ शकतो. शिवाय एकाच प्रवाहात दहा विषय मिसळतात. गट फक्त सूचनांपुरता ठेवा आणि संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला द्या.

गुगल डॉकमध्ये एका वेळी फार तर १०० जण संपादन करू शकतात, म्हणजे १२० जणांना एक डॉक मुळातच चुकीचा. गटाला एक डॉक, त्यात तक्ता, प्रत्येकाला नाव घातलेली एक ओळ. 'दुवा असलेला कोणीही' असा अधिकार दिलात, तर साइन-इन न केलेल्यांची नोंद निनावी होते आणि आवृत्ती-इतिहासातून कुणी काय खोडलं ते कळत नाही. ईमेल पत्त्यानेच अधिकार द्या. खोडलेलं त्याच इतिहासातून परत आणता येतं.

सत्र संपलं की सगळं उतरवून घ्या. विकिस्पेसेस हे वर्गासाठी विकी बनवण्याचं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ अखेरीस. वर्गाचं काम तिथेच राहिलं असतं तर गेलंच असतं.

---

पाटीपेन्सिल:

धागेदोरे, गटांच्या प्रतींचा मुद्दा नेमका अडचणीचा होता, आभार. एक उपप्रश्न. सगळंच बंद दाराआड झालं. वर्गाबाहेरच्या वाचकांसाठी लिहिण्याचा काही मार्ग आहे का?

---

धागेदोरे:

विकिपीडिया. पण आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरचं सरावाचं पान) लिहून घ्या, तुम्ही तपासा, मगच लेखात. विद्यार्थ्यांचे स्वतःचे निष्कर्ष तिथे चालत नाहीत, प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ लागतात, आणि उतारे उचलून टाकले की ते काढले जातात. लेख टिकला की नाही यावर गुण ठेवू नका, ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं. धूळपाटीवरचा मसुदा आणि संदर्भांची निवड यांना गुण द्या.

आणि खाती प्रयोगशाळेत बसून उघडायला लावू नका. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे सहसा एका इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला सहाच खाती उघडता येतात, सातव्यापासून अडतं. आदल्या आठवड्यात घरून उघडून यायला सांगा. सदस्यनाव टोपण असलं तरी चालतं, कोणतं नाव कुणाचं ही यादी फक्त तुमच्याकडे असू द्या.